कळलावी : पुस्तकातली, बागेतली आणि बांधावरची

‘दुर्मीळ औषधी वनस्पती लावा आणि वाचवा’ ही सूचना आता शाळांच्या चांगलीच परिचयाची झाली आहे. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले आणि पुढे शाळांतील वनौषधी बागांना साहाय्य देण्याची योजनाही आली. त्याआधीही पुष्कळ शाळांच्या आवारात तुळस, अडुळसा, कोरफड आणि गवती चहा यांचे वाफे होतेच. तुळस-अडुळशाच्या बाबतीत ही सूचना निर्धोक आहे. परंतु जी वनस्पती खरोखर रानातली आहे, जिची वाढ सावकाश होते आणि जी विषारीही आहे, तिच्या बाबतीत ही सूचना कितपत टिकते? ती अमलात आणू पाहणाऱ्या शिक्षकाला आपले वनस्पतिविषयक वाङ्मय किती मदत करते? या लेखात आम्ही या वाङ्मयाचे परीक्षण करणार आहोत. विषय आटोक्यात राहावा म्हणून एकच वनस्पती घेतली आहे, कळलावी. आणि एकच जिल्हा घेतला आहे, धाराशिव.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कळलावीविषयी माहिती देणारे वाङ्मय तीन प्रकारचे आहे : वनस्पतींची नोंद करणारे ग्रंथ, त्यांचे गुण सांगणारे ग्रंथ आणि लागवड शिकवणारी पत्रके. तिन्ही आपापल्या जागी उपयोगी आहेत. परंतु लावायचा कंद आणायचा कोठून, हा प्रश्न यांपैकी कोणीच नीट विचारत नाही. आणि लावल्याने वनस्पती वाचणार की संपणार, हे नेमके त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

वनस्पतीची ओळख

कळलावीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. लिनिअसने ते १७५३ साली दिले. पूर्वी ही वनस्पती लिलीच्या कुळात ठेवत असत. आता ती कोल्चिकेसी या कुळात मोडते. ही वेल आहे, पण तिला वेगळे तणावे फुटत नाहीत. पानाचे टोकच लांबून स्प्रिंगसारखे वळते आणि शेजारच्या काटेरी फांदीला धरून वर चढते. फुलाच्या सहा पाकळ्या उलट्या वर वळलेल्या असतात, त्यांच्या कडा नागमोडी असतात. फूल आधी हिरवट, मग पिवळे आणि शेवटी तांबडेलाल होते. त्यामुळे एकाच वेलीवर दोन-तीन रंगांची फुले एकाच दिवशी दिसतात. अग्निशिखा हे नाव या फुलावरून पडले आणि लांगली हे नाव कंदावरून. लांगल म्हणजे नांगर. जमिनीखालचा कंद दोन फाट्यांचा, नांगरासारखा कोन करून वळलेला असतो.

धाराशिव जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने कोरडे. कळलावीचा जीवनक्रम अशा हवामानाला साजेसाच आहे. पहिल्या पावसानंतर कंदाला कोंब येतो, श्रावण-भाद्रपदात फुले येतात, दिवाळीच्या सुमारास बोंडे पिकतात आणि वेल वाळून जाते. जमिनीखाली मात्र त्या चार-पाच महिन्यांत नवा कंद तयार झालेला असतो. जुना कंद आपला साठा वेलीला देऊन सुरकुततो. म्हणजे दरवर्षी दिसणारी वेल तीच असली तरी तिचा कंद दरवर्षी नवा असतो. बालाघाटच्या उतारांवरील झुडपी रान, ओढ्याकाठच्या काटेरी जाळ्या आणि शेताची जुनी वई ही तिच्या पसंतीची ठिकाणे. काटेरी झुडूप तिला आधार देते आणि गुरांच्या पायांपासून वाचवते.

नोंद करणारे ग्रंथ

एखाद्या प्रदेशातील सर्व वनस्पतींची शास्त्रीय नोंद ज्यात असते त्या ग्रंथाला ‘फ्लोरा’ म्हणतात. आपल्याकडील अभ्यासक पूर्वीपासून ज्या ग्रंथाचा आधार घेत आले, तो थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. परंतु धाराशिव त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारच्या सोलापूरच्या वनस्पती कुक यांच्या कक्षेत येत होत्या, धाराशिवच्या येत नव्हत्या. राज्याच्या सीमा वनस्पती पाळत नाहीत, पण ग्रंथ पाळतात.

ही उणीव व्ही. एन. नाईक यांनी भरून काढली. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा ग्रंथ १९७९ साली औरंगाबादहून प्रसिद्ध झाला. त्या वेळी लातूर जिल्हा वेगळा झालेला नव्हता (तो ऑगस्ट १९८२ मध्ये झाला), म्हणून या ग्रंथाचा प्रदेश आजच्या दोन जिल्ह्यांएवढा आहे. पुढे १९९८ साली नाईक यांचाच मराठवाड्याचा फ्लोरा दोन खंडांत आला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९६ साली, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्रातील एकदल वनस्पतींचा खंड काढला. एका कोरडवाहू जिल्ह्यासाठी १९७९ सालीच स्वतंत्र फ्लोरा असणे ही मोठी गोष्ट आहे आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांनी तिचा सार्थ अभिमान बाळगावा.

अशा ग्रंथाचा पहिला उपयोग म्हणजे नावांचा घोटाळा मिटतो. कळलावीला मराठीत खड्यानागही म्हणतात आणि काही भागांत बचनागही म्हणतात. पण औषधांच्या बाजारात बचनाग म्हणून विकले जाते ते हिमालयातील अकोनाइटचे मूळ, जे अगदी वेगळ्या कुळातले आणि वेगळ्याच विषाचे आहे. तिला वाघनखीही म्हणतात, आणि तेच नाव मार्टिनिया या अमेरिकेतून आलेल्या, आकडेदार फळाच्या झुडपालाही आहे. तेव्हा ‘वाघनखी आणा’ एवढेच सांगितले तर तीन मुले दोन वेगळ्या वनस्पती घेऊन येतील. शास्त्रीय नाव आणि वर्णन यांची गरज येथे पटते.

परंतु फ्लोराची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. फ्लोरा ‘काय आहे’ हे सांगतो, ‘किती आहे’ हे सांगत नाही. एखाद्या गावाच्या शिवारात एकदा नमुना गोळा केला, तो दाबून, वाळवून कागदावर चिकटवला, की ती वनस्पती त्या गावच्या नावावर नोंदली जाते. तेथे त्या वर्षी दहा वेली होत्या की दहा हजार, हे त्या कागदावरून कळत नाही. ‘सर्वत्र’, ‘अधूनमधून’, ‘क्वचित’ असे शब्द वनस्पतिशास्त्रज्ञाच्या अनुभवातून येतात, मोजणीतून नव्हे. हा त्या ग्रंथांचा दोष नव्हे, ते त्यांचे कामच नाही. दोष आपला आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदीवरून आपण ‘आमच्या तालुक्यात ही वनस्पती आहे’ असे म्हणतो आणि मधल्या काळात किती बांध यंत्राने सपाट झाले, किती वया काढून तारेचे कुंपण आले, तणनाशक कोठवर पोहोचले, याचा विचार करीत नाही.

गुण सांगणारे ग्रंथ

कळलावी म्हणजे कळ लावणारी. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा वापर परंपरेने होत असे. गर्भपातिनी हे तिचे संस्कृत नाव याच गुणाचे निदर्शक आहे. जुने वैद्य तिच्या बाबतीत गाफील नव्हते. भावप्रकाशात रुई, निवडुंगाचा चीक, कण्हेर, गुंज, धोतरा आणि अफू यांच्या पंक्तीत लांगली बसवली आहे. हा उपविषांचा वर्ग आहे. शोधन केल्याशिवाय, म्हणजे विहित प्रक्रियेने तीव्रता कमी केल्याशिवाय, उपविष वापरायचे नाही असा नियम होता, आणि ते वापरणारा माणूस शिकलेला वैद्य असे. वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधीसंग्रहा’सारखे मराठी ग्रंथही औषध देणाऱ्या जाणकारासाठी लिहिलेले होते.

बिघाड पुढे झाला. मोठ्या ग्रंथावरून छोटे पुस्तक, छोट्या पुस्तकावरून तक्ता आणि तक्त्यावरून बागेतली पाटी असा माहितीचा प्रवास होत गेला. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळाले, आणि सगळ्यात आधी गळाला तो इशारा. पाटीवर उरते ते नाव, कुळ आणि ‘उपयोग : संधिवात, त्वचारोग, सर्पदंश’. आम्ही पाहिलेल्या अशा पाट्यांपैकी काहींवर ‘विषारी’ हा एक शब्दही नव्हता.

या विषाचे रसायनशास्त्र आता चांगले माहीत आहे. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे अल्कलॉइड असते. १८२० साली पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते युरोपातल्या कोल्चिकम या फुलझाडातून वेगळे काढले. गाउट या सांध्यांच्या विकारावर ते आजही दिले जाते. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे जे सूक्ष्म धागे तयार होतात, त्यांची जुळणी कोल्चिसिन थांबवते. हे धागे ज्या प्रथिनाचे बनतात ते ट्युब्युलिन, कोल्चिसिन पेशीत नेमके कोठे चिकटते याचा शोध घेतानाच १९६०च्या दशकात शास्त्रज्ञांच्या हाती आले. बारावीच्या विद्यार्थ्याने पेशीविभाजनाच्या धड्यात वाचलेल्या गोष्टीचा पुरावा असा बांधावरच्या वेलीत आहे. १९३७ साली ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी कोल्चिसिन वापरून वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते हे दाखवले आणि वनस्पती-प्रजननाला एक नवे साधन मिळाले.

जो परिणाम औषधाचा तोच विषाचा. फरक मात्रेचा, आणि कळलावीच्या कंदात मात्रा किती हे डोळ्यांनी कळत नाही. कंद खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. त्यानंतर ज्या ऊतींत पेशी सतत विभागत असतात त्यांवर घाला येतो : आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे. माणूस दगावू शकतो. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. शाळेच्या बागेत रताळ्याच्या वाफ्याशेजारी कळलावी लावण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो येथेच सोडून द्यावा. ‘सर्पदंशावर उपयोगी’ ही ओळ तर प्रत्येक पाटीवरून पुसून टाकली पाहिजे. सर्पदंशावर उपाय एकच : वेळ न दवडता रुग्णालय गाठणे आणि प्रतिविष घेणे. वनौषधीच्या पाटीवरील एका ओळीपायी त्यात तासभर जरी गेला तरी त्याची किंमत फार मोठी आहे.

लागवडीची पत्रके

तिसरा प्रकार लागवडीच्या पत्रकांचा. कळलावीची शेती आपल्याकडे विरळ असली तरी तामिळनाडूत ती रीतसर केली जाते. तेथे हे राज्यफूलही आहे. पीक घेतले जाते ते बियांसाठी, कारण कोल्चिसिनचे प्रमाण कंदापेक्षा बियांत जास्त असते. शेतकरी जून-जुलैत कंद लावतात, मांडव किंवा जिवंत काटक्यांचा आधार देतात आणि फुले आल्यावर सकाळच्या वेळी हाताने परागण करतात.

हे हाताने परागण का करावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. कळलावीच्या फुलात कुक्षीवृंत, म्हणजे बीजांडकोशावरची दांडी, बुडापाशीच जवळपास काटकोनात एका बाजूला वळलेली असते. त्यामुळे तिचे टोक पुंकेसरांपासून दूर राहते आणि फुलाचे परागकण त्याच फुलाला सहजासहजी मिळत नाहीत. फुलपाखरासारखा कोणी पाहुणा आला तरच काम होते. वईत परागण करणारे कीटक असतात; तणनाशक आणि कीटकनाशक मारलेल्या सलग शेतात ते पुरेसे नसतात. म्हणून माणसाला कुंचला घेऊन उभे राहावे लागते.

पत्रकांतील ही माहिती उत्तम असते. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो, टोक मोडले की तो फाटा उगवत नाही, म्हणून कंद जपून हाताळावा, अशा बारीकसारीक सूचना अनुभवातून आलेल्या असतात. परंतु पत्रकाची सुरुवातच अशा अर्थाच्या वाक्याने होते : ‘५० ते ६० ग्रॅम वजनाचे निरोगी कंद निवडावेत.’ कोणाच्या रानातून निवडावेत, हे पत्रक सांगत नाही. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे.

आपण थोडा हिशेब करून पाहू. वर्गातही हा हिशेब करण्यासारखा आहे. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन कंदांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर एका कंदाला ०.२७ चौरस मीटर जागा लागते. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. भागाकार केला तर एका एकराला जवळजवळ १५,००० कंद लागतात. प्रत्येकी ५० ग्रॅम धरले तरी हे वजन ७५० किलो होते. रानात एका वेलीखाली एक कंद असतो. म्हणजे रानातून आणलेल्या कंदांवर एक एकर उभा करायचा तर १५,००० वेली उपटाव्या लागतील. त्यासाठी किती गावांच्या वया खणाव्या लागतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मग घरचेच कंद वाढवावेत म्हटले तर? एका कंदापासून एका हंगामात फार तर दोन नवे कंद मिळतात. दहा कंदांपासून सुरुवात केली, एकही कुजला नाही आणि दरवर्षी संख्या दुप्पट झाली असे मानले, तरी दहा वर्षांनी १०,२४० कंद होतील. १५,००० चा टप्पा अकराव्या वर्षी ओलांडला जाईल. इतका धीर धरणारा विरळा, म्हणून घाई असलेला माणूस कुदळ घेऊन डोंगराकडे वळतो. म्हणजे लागवडीचा सल्ला, कंदाचा उगम न विचारता दिला तर, वनस्पती वाचवण्याऐवजी ती खणून काढण्याचे निमित्त ठरू शकतो.

आता बियांचा हिशेब पाहा. त्याच दहा वेलींवर प्रत्येकी पाच बोंडे धरली आणि एका बोंडात चाळीस बिया मिळाल्या असे मानू. एकूण २,००० बिया. त्यांतल्या चौथा हिस्साच उगवल्या तरी पहिल्याच वर्षी ५०० रोपे होतात, आणि दहाही वेली जागच्या जागी राहतात. अडचण एवढीच की बियांना वेळ लागतो. कवच कठीण, उगवण अनियमित. काही बिया महिन्याभरात तर काही पुढच्या पावसाळ्यात उगवतात. रोपाला फूल येते ते साधारण तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात. शेतकऱ्याला हे परवडत नाही, म्हणून पत्रकात बियांना दोन ओळी मिळतात. शाळेला मात्र हे परवडते. पाचवीत बी पेरणाऱ्या मुलीला आठवी-नववीत फूल पाहता येईल.

‘दुर्मीळ’ म्हणजे काय?

आणखी एका शब्दाची तपासणी केली पाहिजे. कळलावी आफ्रिकेपासून भारत-श्रीलंकेमार्गे आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे. ऑस्ट्रेलियात तर बागेतून निसटून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर ती उपद्रवी तण बनली आहे. जगाचा विचार केला तर तिला दुर्मीळ म्हणता येणार नाही. तरीही एखाद्या गावाच्या वईत पूर्वी दिसणारी वेल आता दिसत नसेल, तर त्या गावापुरती ती दुर्मीळच झाली. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. म्हणून ‘दुर्मीळ’ हा शब्द वापरताना ‘कोठे?’ आणि ‘कशावरून?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली पाहिजे.

‘कोठे?’ या प्रश्नाला आणखी एक अर्थ आहे. रोपवाटिकांतून शोभेची म्हणून जी ग्लोरिओसा विकली जाते तिच्यात ‘रॉथशील्डियाना’ या नावाने ओळखले जाणारे, मूळ आफ्रिकेतले मोठ्या फुलांचे वाणही असतात. शिवाय या जातीत गुणसूत्रांची संख्या सर्वत्र सारखी नाही. २२ आणि ४४ अशा दोन्ही संख्या आढळल्या आहेत. अशा दोन वेलींचा संकर झाला तर ३३ गुणसूत्रांची संतती निर्माण होते आणि तिला सहसा चांगले बी धरत नाही. बाहेरून आणलेला कंद स्थानिक वेलींच्या शेजारी लावला तर आपण मदतीच्या भावनेने नुकसानही करू शकतो. बालाघाटच्या वेलींची पिढी पुढे न्यायची तर बी बालाघाटचेच हवे. तसेच, एका कंदापासून वाढवलेल्या शंभर वेली म्हणजे शंभर प्रती, शंभर व्यक्ती नव्हेत. एका रोगाला एक बळी पडली तर सर्वच पडण्याची भीती. बियांपासून झालेल्या रोपांत वैविध्य असते.

शाळेने काय करावे?

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग कळलावीच्या वाटेला जाऊच नये का? तसे आमचे म्हणणे नाही. प्राथमिक शाळेच्या आवारात ती लावू नये, एवढे निश्चित. परंतु माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये यांना बांधावरच्या कळलावीपासून पुष्कळ शिकता व शिकवता येईल, आणि त्यासाठी एकही कंद खणावा लागणार नाही.

पहिले काम मोजणीचे. पावसाळ्यात फुले आली की वेल लांबूनही ओळखू येते. शाळेच्या परिसरातील एक-दोन किलोमीटर वई निवडावी, तेवढ्याच लांबीतील वेली दरवर्षी त्याच आठवड्यात मोजाव्यात आणि आकडे जपून ठेवावेत. पाच वर्षांचे आकडे जमले की ‘दुर्मीळ’ या शब्दाला तुमच्या गावापुरता पुरावा मिळेल. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. फ्लोरा जे सांगू शकत नाही ते ‘किती’ या नोंदवहीत शाळेने भरावे.

दुसरे काम प्रयोगाचे. वेगवेगळ्या वेलींवरची तीस फुले घ्यावीत. दहा कळ्यांवर उमलण्यापूर्वीच बारीक मलमलीची पिशवी बांधावी आणि त्यांना हात लावू नये. दुसऱ्या दहा फुलांना सकाळी दुसऱ्या वेलीचे पराग कुंचल्याने द्यावेत. उरलेली दहा फुले नुसती दोरा बांधून खूण करून ठेवावीत. महिनाभराने बोंडे मोजावीत. बांधलेल्या फुलांना फारशी बोंडे धरू नयेत अशी फुलाच्या रचनेवरून अपेक्षा आहे. पण खरे महत्त्व तिसऱ्या गटाला आहे. खूण केलेल्या फुलांना हाताने परागण केलेल्यांच्या मानाने फारच कमी बोंडे धरली, तर तुमच्या शिवारात पाहुणे कीटक कमी पडत आहेत असा संशय घेण्यास जागा आहे.

तिसरे काम बियांचे. बोंडे तडकू लागली की थोडीच घ्यावीत, निम्म्याहून अधिक वेलीवरच राहू द्यावीत. बियांवरचा तांबूस मऊ थर हातमोजे घालून धुऊन काढावा, बिया सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवाव्यात. पाकिटावर गाव, वईचा मालक, तारीख आणि ‘विषारी’ हे चार तपशील असावेत, आणि पाकीट कुलुपात असावे. पुढच्या पावसाच्या तोंडावर वाळू, मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा यांच्या मिश्रणात सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे. उगवले नाही म्हणून कुंडी उपडी करू नये. दुसरा पावसाळा जाईपर्यंत थांबावे. पहिल्या वर्षीचे रोप गवताच्या पात्यासारखे दिसते आणि दिवाळीनंतर वाळते. ते मेलेले नसते. खाली वाटाण्याएवढा कंद असतो. त्या काळात पाणी बंद ठेवावे. दोन-तीन वर्षांनी कंद बोटाएवढा झाला की तो पावसाच्या आरंभी मालकाच्या संमतीने त्याच वईत नेऊन लावावा, जेथून बी आणले होते.

येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात सहल नेणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुमारे २२ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९९७ साली अभयारण्य झाले आहे. तेथून कंद, बी किंवा फांदीही परवानगीशिवाय आणता येत नाही. तेथे फक्त पाहावे, मोजावे आणि लिहून घ्यावे.

परीक्षणाचा निष्कर्ष

तिन्ही प्रकारच्या वाङ्मयाचा हिशेब मांडला तर असे दिसते की धाराशिवच्या शिक्षकाला नावासाठी उत्तम ग्रंथ उपलब्ध आहेत, गुणांविषयी भरपूर लिहिले गेले आहे पण त्यातील सावधगिरी वाटेत सांडली आहे, आणि लागवडीची पत्रके नेमक्या महत्त्वाच्या जागी गप्प आहेत. हे ग्रंथ इंग्रजीत, ते संस्कृतप्रचुर मराठीत आणि पत्रके दुसऱ्या प्रांतातल्या शेतकऱ्यासाठी लिहिलेली. एकत्र करून वाचण्याची जबाबदारी शेवटी शिक्षकावरच येते.

म्हणून यापुढे कोणत्याही दुर्मीळ वनस्पतीच्या लागवडीचे पुस्तक, पत्रक किंवा तक्ता हाती आला तर त्याला चार प्रश्न विचारावेत, अशी आमची शिफारस आहे. वनस्पतीचे शास्त्रीय नाव दिले आहे काय? ती विषारी असल्यास तसे ठळकपणे लिहिले आहे काय? लावायचे कंद वा बी कोठून, कोणाच्या परवानगीने आणि किती प्रमाणात घ्यावे हे सांगितले आहे काय? बियांपासून वाढवण्याची रीत पूर्ण दिली आहे काय? चारही उत्तरे ‘होय’ असतील तर ते पत्रक वर्गात वापरावे. तिसरे उत्तर ‘नाही’ असेल तर पत्रक कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे, आणि मुलांना घेऊन आधी गावची वई मोजायला जावे.